सहा मिनिटे पन्नास सेकंद: अपूर्णांकांचे टक्के तोंडी करण्याचे एक प्रकरण

परीक्षार्थी बावीस वर्षांची, राहायला इंदूरच्या रामबागेत, क्लास भंवरकुआँ चौकाजवळ. घरात मराठी, क्लासात हिंदी, सरावपेपरावर हिंदी आणि इंग्रजी. बँकेच्या लिपिक पदाची तयारी चालू आहे. बेरीज-वजाबाकी स्वच्छ, पाढे पंचवीसपर्यंत पाठ, भागाकार कधी चुकत नाही. तरी प्रत्येक सरावपेपरात तक्त्यावरचे पाच प्रश्न तिला बुडवतात. (प्रकरण नमुन्यादाखल बांधलेले आहे आणि तक्त्यातले आकडे सरावासाठी रचलेले आहेत. चुका मात्र वह्यांतून रोज दिसतात तशाच ठेवल्या आहेत.)

आधी वेळेचा हिशेब. लिपिक पूर्वपरीक्षेच्या धर्तीवर अंकगणिताला ३५ प्रश्न आणि २० मिनिटे धरतात. म्हणजे प्रश्नाला ३४ सेकंद आणि पाच प्रश्नांच्या संचाला २ मिनिटे ५१ सेकंद. कॅल्क्युलेटर नाही, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. तिने संचाला घेतले ६ मिनिटे ५० सेकंद. बरोबर दोन, चूक तीन, पदरात सव्वा गुण. वीस मिनिटांतला तिसरा हिस्सा गेला आणि हाती आले इतकेच.

तक्ता एका फरसाणवाल्याच्या पाच शाखांचा होता.

राजवाडा: एकूण विक्री ६४० किलो, त्यात शेव २४०
छप्पन दुकान: एकूण ७२०, शेव ३२०
विजयनगर: एकूण ५६०, शेव २४०
अन्नपूर्णा: एकूण ४५०, शेव १७१
भंवरकुआँ: एकूण ४८०, शेव २७५

प्रश्न असे. (१) राजवाडा आणि अन्नपूर्णा यांपैकी कुठे शेवेचा वाटा कमी आणि तो किती टक्के? (२) छप्पन दुकान आणि विजयनगर इथल्या शेवेच्या वाट्यात किती टक्केबिंदूंचा फरक आहे? (३) राजवाड्याची एकूण विक्री विजयनगरपेक्षा किती टक्के जास्त? (४) भंवरकुआँ शाखेत शेवेचा वाटा सुमारे किती टक्के? (५) पाचही शाखा मिळून शेवेचा वाटा सुमारे किती टक्के?

कच्च्या कामाचे पान काय सांगते

तिच्या रफ पानावर सहा लांब भागाकार होते. पहिल्या प्रश्नाला दोन भागाकार, ९५ सेकंद, उत्तर बरोबर. दुसऱ्याला १०० सेकंद, उत्तर १.८६, चूक. तिसऱ्याला फक्त ३५ सेकंद, उत्तर साडेबारा, चूक. चौथ्याला ११० सेकंद, ५७.२९, बरोबर. पाचव्याला ७० सेकंद, ४४.०, चूक.

पान पाहिल्यावर पहिले मत असे होते की पोरीचा हात मंद आहे, भागाकाराचा सराव वाढवावा. हे निदान चुकीचे. तीन चुकांपैकी एकही भागाकाराची नाही. एक पाठांतराच्या आकड्याची, एक आधार चुकल्याची आणि एक सरासरीची. जे भागाकार बरोबर आले त्यांतला एकही करण्याची गरज नव्हती. तिने अपूर्णांकाकडे पाहिलेच नाही. आकडे दिसले, रेघ ओढली आणि भागायला बसली.

अपूर्णांक समोर आला की आधी छेद बघायचा आणि तो तीनांपैकी कोणत्या घरातला ते ठरवायचे. पहिले घर पाठ असलेल्या छेदांचे: २ ते १२, शिवाय १५, १६, २०, २४, २५, ४०. दुसरे घर शंभर करता येण्याजोग्या किंवा शंभराच्या शेजारच्या छेदांचे. तिसरे घर उरलेल्यांचे. तिथे तुकडे पाडायचे. लांब भागाकाराला चौथे घर नाही.

आठांशे, आणि आजोबांच्या काळातली पावकी

राजवाडा: २४०/६४०. शून्य छाटले की २४/६४, आठाने छाटले की ३/८. इथे थांबायचे, कारण आठांशे पाठच असायला हवेत. १/८ म्हणजे साडेबारा. पुढचे साडेबाराच्या पाढ्यात आपोआप येते: साडेबारा, पंचवीस, साडेसदतीस, पन्नास, साडेबासष्ट, पंचाहत्तर, साडेसत्याऐंशी, शंभर. मोठ्याने म्हणून पाहा. एकाआड एक ‘साडे’ येते आणि ताल बसतो. हेच ०.१२५, ०.२५०, ०.३७५ असे डोळ्यांनी पाठ करू गेल्यास आठवड्यात पुसले जाते.

मराठी शाळांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनची) हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत. तेव्हा त्यांचा उपयोग बाजारहाटासाठी होता. आज तेच पाढे शेकड्यावर बसवायचे. शंभराची निमकी पन्नास, पावकी पंचवीस, पावकीची निमकी साडेबारा, तिची निमकी सव्वासहा. सव्वासहा म्हणजे १/१६, म्हणजेच रुपयातला एक आणा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे सरळ बसले, पण एका आण्याचे सव्वासहा नेमके देता येईनात. चवन्नीही २०११ मध्ये चलनातून गेली. ‘सोळा आणे खरे’ मात्र बोलीत आहेच, आणि ज्याला सोळा आण्यांत विचार करता येतो त्याला सोळांशांचे टक्के वेगळे शिकावे लागत नाहीत. पाच आणे सव्वाएकतीस, सात आणे पावणेचव्वेचाळीस, नऊ आणे सव्वाछप्पन, अकरा आणे पावणेएकोणसत्तर.

या शब्दांत एक खड्डा आहे. ‘पावणे’ हा वजाबाकीचा शब्द. पावणेचव्वेचाळीस म्हणजे ४३.७५, पण कानाला चव्वेचाळीस ऐकू येते आणि हात ४४.७५ लिहून मोकळा होतो. पावणेएकोणसत्तरमध्ये तर वजाबाकी दोनदा आहे: सत्तरातून एक वजा, त्यातून पुन्हा पाव वजा, म्हणून ६८.७५. इंदूरच्या विद्यार्थ्यांना यात हिंदीची भर पडते. हिंदीत नवासी म्हणजे ८९. मराठी कानाला ते नव्वदच्या जवळचे वाटते आणि ९० लिहिले जाते. आपण ८९ ला एकोणनव्वद म्हणतो, म्हणून गोंधळ. उपाय साधा आहे: पाठांतराला एकच भाषा धरा. तिने मराठी धरली. क्लासात सर हिंदीत बोलत असले तरी मनातले आकडे मराठीतच येऊ द्यायचे आणि कागदावर अंक उतरवल्यावर दशांश चिन्हाच्या डावीकडे एकदा नजर टाकायची.

अन्नपूर्णा: १७१/४५०. ४५० दिसला की दुप्पट करावीशी वाटली पाहिजे. ३४२/९००, नवाने भागले की ३८/१००. अडतीस टक्के. दोन पावले, पेन नको. राजवाडा साडेसदतीस, अन्नपूर्णा अडतीस, उत्तर राजवाडा. सगळा प्रश्न वीस सेकंदांचा. तिने त्याला ९५ दिले.

सातांशांचा गोंधळ

दुसऱ्या प्रश्नात ३२०/७२० म्हणजे ४/९ आणि २४०/५६० म्हणजे ३/७. नवांशांना त्रास नाही. १/९ म्हणजे ११ पूर्णांक १/९, आणि आकडे जोडीने चालतात: २२ पूर्णांक २/९, ३३ पूर्णांक ३/९, ४४ पूर्णांक ४/९. अकरांशही त्यांचेच भाऊबंद, कारण ९ आणि ११ चा गुणाकार ९९. १/११ म्हणजे ९ पूर्णांक १/११, दशांशात ९.०९, मग १८.१८, २७.२७, आणि पुढे असेच.

घोटाळा झाला सातांशात. क्लासच्या भिंतीवरच्या तक्त्यावर ३/७ पुढे ४२.८५ लिहिलेले होते. पुढचा अंक ७ असल्याने खरे तर ४२.८६ हवे होते, पण तो मुद्दा लहान. तिने आठवणीतून लिहिले ४२.५८. अंक तेच, जागा बदललेल्या. ४४.४४ मधून ४२.५८ गेले, १.८६ उरले, आणि पर्यायांत १.८६ हजर होता. प्रश्न रचणाऱ्याला ही चूक ठाऊक असते.

सातांशांचे दशांश १४२८५७ या सहा अंकांच्या फेऱ्यात फिरतात. १/७ हा १ पासून सुरू होतो, २/७ हा २ पासून, ३/७ हा ४ पासून, ४/७ हा ५ पासून, ५/७ हा ७ पासून, ६/७ हा ८ पासून. फेरा पाठ करणे मौजेचे आहे, पण घड्याळ चालू असताना तोच दगा देतो, कारण ५ आणि ८ शेजारी बसतात. परीक्षेसाठी मिश्र अपूर्णांक बरा. १/७ म्हणजे १४ पूर्णांक २/७. तीनपट करा: ४२ पूर्णांक ६/७. हे जवळजवळ ४३ आहे हे नजरेतच दिसते, मग ४२.५८ लिहायला हात धजणार नाही. चारपट करा: ५६ पूर्णांक ८/७, म्हणजे ५७ पूर्णांक १/७. ४२ पूर्णांक ६/७ आणि ५७ पूर्णांक १/७ मिळून शंभर होतात का बघा. होतात. कोणताही अपूर्णांक आणि त्याचा उरलेला भाग मिळून शंभर झालेच पाहिजेत, ही तपासणी तीन सेकंदांची आहे आणि ती सर्व कुटुंबांना लागू पडते. पुढे एकदा ५/६ विचारल्यावर ती ८६ पूर्णांक २/३ म्हणाली. १/६ म्हणजे १६ पूर्णांक २/३, बेरीज शंभराच्या वर जाते. चूक तिथेच पकडली गेली आणि ८३ पूर्णांक १/३ वर आली.

पण दुसऱ्या प्रश्नाला टक्के काढायचीही गरज नव्हती. ४/९ वजा ३/७: तिरकस गुणाकार २८ आणि २७, फरक १, छेद ६३. म्हणजे १/६३. १/६० असता तर १.६७ आला असता. छेद थोडा मोठा म्हणून उत्तर थोडे लहान, १.५९. दोन वाटे जवळजवळचे असतील तेव्हा आधी अपूर्णांकांची वजाबाकी आणि मग टक्के, हा क्रम नेहमी स्वस्त पडतो. टक्केबिंदू हा शब्दही नीट वाचावा. ४२ टक्क्यांचे ४४ झाले तर वाढ दोन टक्केबिंदूंची, पण टक्क्यांत मोजली तर ती २/४२, म्हणजे पावणेपाचच्या आसपास.

‘पेक्षा’ ज्याला चिकटला तो खाली

तिसरा प्रश्न तिने सर्वांत लवकर सोडवला आणि तिथेच आपटली. ६४० आणि ५६०, फरक ८०. तिने ८०/६४० घेतले. १/८, साडेबारा. गणित चोख, प्रश्न वेगळाच. ‘विजयनगरपेक्षा किती जास्त’ असे विचारले होते, म्हणून छेद विजयनगरचा: ८०/५६०, १/७, १४ पूर्णांक २/७.

मराठीत याला उत्तम खूण आहे. ‘पेक्षा’ ज्या शब्दाला चिकटतो तो छेदात जातो. हिंदी प्रश्नात तेच काम ‘से’ किंवा ‘की तुलना में’ करते, पण ‘से’ दहा ठिकाणी दहा अर्थांनी येतो म्हणून नजर निसटते. तिला सवय लावली ती अशी: हिंदी प्रश्न वाचताना मनात त्याचे मराठी करायचे आणि ‘पेक्षा’ कुठे पडतो ते बघून त्या आकड्याखाली पेन्सिलीने टिंब द्यायचे. दोन सेकंद जातात. संगणकावरच्या परीक्षेत टिंब कच्च्या कागदावर.

याच्या पोटात एक जोडी आहे, ती एकदा समजली की विसरत नाही. ५६० म्हणजे ८०-८० चे सात भाग, ६४० म्हणजे आठ. वरचा एक भाग सातांतून पाहिला तर १/७ वाढ, आठांतून पाहिला तर १/८ घट. म्हणून १/७ वाढलेले १/८ घटले की मूळ जागी येते. १/४ वाढ आणि १/५ घट, म्हणजे पंचवीस वाढले तर वीस कमी. १/९ वाढ आणि १/१० घट. भाव वाढला, खर्च तोच ठेवायचा तर वापर किती कमी करावा, असले प्रश्न या एका जोडीवर उडतात.

तुकडे पाडणे

चौथ्यात २७५/४८०. दिलेले पर्याय होते ५२.१, ५७.३, ६०.४ आणि ६२.५. पर्यायांत दोनाहून जास्त अंतर असताना तिने दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत भागले. पर्यायांतले अंतर आधी बघावे, मग ठरवावे किती बारीक जायचे. ही शिस्त एरवी हुशार मुलांनाही नसते, आणि क्लासातही ती शिकवताना फारसे कुणी दिसत नाही.

तुकड्यांची रीत अशी. ४८० चे निम्मे २४०, म्हणजे ५० टक्के. २७५ मधून २४० गेले, ३५ उरले. दहा टक्के ४८, जास्त होतात. पाच टक्के २४. उरले ११. एक टक्का ४.८, दोन टक्के ९.६. उरले १.४. आतापर्यंत ५७ झाले आणि थोडे उरले. पर्याय ५७.३, संपले. हवेच असेल तर १.४ ला ४.८ ने भागून ०.२९.

मोठ्यातून लहान तुकड्याकडे जायचे, आणि तोंडाने फक्त दोन गोष्टी म्हणायच्या: किती टक्के झाले, किती उरले. ‘पन्नास, पस्तीस उरले. पंचावन्न, अकरा उरले. सत्तावन्न, एक पूर्णांक चार उरले.’ तिसरी गोष्ट मनात ठेवायला गेलात की साखळी तुटते. सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे ‘उरले’ऐवजी ‘वापरले’ धरून ठेवणे. २४०, मग २६४, मग २७३.६ असे चढत गेले तर प्रत्येक वेळी २७५ शी तुलना करावी लागते. उतरत जाणे सोपे.

दुसरी वाट अधिक देखणी आहे, पण ती दिसली पाहिजे. पाचाने छाटले की ५५/९६. छेद शंभराच्या शेजारी. ९६ ला १०० मानले तर ५५ टक्के. पण आपण छेद फुगवला, आणि छेद फुगला की उत्तर आटते. आटलेले परत द्यायचे: ९६ ला ४ कमी पडले होते, ४/९६ म्हणजे १/२४, म्हणून ५५ चा चोविसावा भाग वर घालायचा. ५५/२४ म्हणजे २.२९. एकूण ५७.२९. छेद शंभराहून मोठा असेल तर उलट. ८७/१०४ मध्ये छेद लहान मानला म्हणून ८७ टक्के हे उत्तर जास्त आले. ८७ चा सव्विसावा भाग, ३.३५, वजा करायचा. ८३.६५. इथे लोक हमखास ४/१०० घेतात. भाग मूळ छेदाचाच घ्यायचा, ४/१०४ किंवा ४/९६. शंभराच्या शेजारी फरक किरकोळ पडतो, पण ८० च्या छेदाला शंभर मानून वीस शेकडा भरपाई केली तर उत्तर साफ चुकते, तिथे पाव भरपाई लागते.

सरासऱ्यांची सरासरी

पाचव्या प्रश्नातली चूक समंजस माणसाची चूक आहे. पाच शाखांचे टक्के तिच्याजवळ जवळजवळ होतेच, तेव्हा बेरीज करून पाचाने भागावे हे कुणालाही सुचेल. साडेसदतीस, ४४.४४, ४२.८६, ३८ आणि ५७.२९ मिळून २२०.०९, सरासरी ४४.०२. (तिच्या ४२.५८ नेही ४३.९६ येते, पर्याय तोच.) पण शाखा सारख्या वजनाच्या नाहीत. ५७ टक्क्यांची भंवरकुआँ शाखा ४८० किलोंची, साडेसदतीसची राजवाडा ६४० ची. टक्क्याने मोठी असलेली शाखा वजनाने लहान, म्हणून खरे उत्तर ४४ च्या खाली असणार. किलो वेगळे मिळवले पाहिजेत: शेव १२४६, एकूण २८५०.

तुकडे: दहा टक्के २८५, चाळीस टक्के ११४०. एक टक्का २८.५, चार टक्के ११४. म्हणजे ४४ टक्के १२५४. आपल्याकडे १२४६, आठ कमी. आठाला २८.५ ने भागून सुमारे ०.२८. उत्तर ४३.७२. पर्याय ४३.७ आणि ४४.० दोन्ही होते. यात एक बारकावा असा की जिथे शंका आहे तिथून मोजायला सुरुवात केली. ४४ वर संशय होता म्हणून ४४ चेच किलो काढले आणि एका वजाबाकीत तो पर्याय बाद झाला. पर्याय उलटा तपासणे हे भागाकारापेक्षा नेहमीच हलके काम.

तीन आठवडे, रोज बारा मिनिटे

पहिला आठवडा बिनपेनाचा. रोज एक कुटुंब मोठ्याने: आठांशे, सातांशे, नवांशे व अकरांशे, सहांशे व बारांशे (१/१२ म्हणजे ८ पूर्णांक १/३), सोळांशे, पंधरांशे व चोविसांशे. सातव्या दिवशी सरमिसळ. १३, १७, १९ हे छेद मुद्दाम वगळले. क्लासचे तक्ते ते पंचविसापर्यंत सगळे पाठ करायला लावतात, त्यात वेळ जातो. असे छेद क्वचित येतात आणि आले तर तुकड्यांनी पंधरा सेकंदांत सुटतात.

दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावरचा सराव. रामबागेतून भंवरकुआँपर्यंत जाताना सिग्नलला समोरच्या गाडीच्या ‘एमपी ०९’ नंतरच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक: पहिले दोन अंश, नंतरचे दोन छेद. २४७५ आला तर २४/७५. छेद ७५ म्हणजे अंशात त्याचाच तिसरा भाग मिळवायचा, चोवीस आणि आठ, बत्तीस टक्के. १९३६ आला तर १९/३६. अठरा म्हणजे निम्मे, वर एक छत्तिसांश, २.७८. ५२.७८ टक्के. ४१६३ आला तर ४१/६३. बेचाळीस असते तर दोन तृतीयांश, ६६.६७, त्यातून एक त्रेसष्टांश कमी, ६५.०८. ओळखीच्या अपूर्णांकाच्या शेजारी उभे राहून एक पाऊल मागे-पुढे जाणे हे कौशल्य तक्ता पाठ करून येत नाही, अशा वेड्यावाकड्या आकड्यांवरच येते. अंश मोठा निघाला तर उलटायचा नाही, शंभराच्या वरचे टक्के काढायचे. वाढीच्या प्रश्नांत तेच लागतात. आपणच गाडी चालवत असू तर हा खेळ नको, हे सांगायला लागू नये.

तिसरा आठवडा घड्याळ लावून पूर्ण संचांचा, रोज एक. प्रत्येक उत्तराशेजारी अक्षर लिहायचे: ‘पा’ म्हणजे पाठ, ‘श’ म्हणजे शंभर, ‘तु’ म्हणजे तुकडे, ‘भा’ म्हणजे लांब भागाकार. ‘भा’ आला की त्या प्रश्नावर परत जाऊन कोणती वाट सुटली ते शोधायचे. पहिल्या दोन दिवशी पानावर तीन-तीन ‘भा’ होते. सहाव्या दिवशी एक.

फेरचाचणी

नवे आकडे, तोच साचा. वेळ ३ मिनिटे २५ सेकंद, चार बरोबर, एक सोडलेला, गुण चार. संच २ मिनिटे ५१ सेकंदांत बसला नाही. त्याची चिंता नको, सरळरूपाचे प्रश्न पंधरा-वीस सेकंदांत होतात आणि तिथली बचत इथे खर्च करता येते.

३९०/६२४ तिने असा सोडवला: निम्मे ३१२, उरले ७८, ७८ हा ६२४ चा आठवा भाग, म्हणून पन्नास अधिक साडेबारा. बारा सेकंद. घटीच्या प्रश्नात ५२० चे ४५५ झाले होते. कागदावर ५२० खाली टिंब होते. ६५/५२०, साडेबारा. सोडलेला प्रश्न पाचही ओळींच्या बेरजेचा होता, आणि तो सोडला हेच योग्य केले.

अडखळली ती १५६/३६४ वर. तुकड्यांनी गेली: चाळीस टक्के १४५.६, उरले १०.४. दोन टक्के ७.२८, उरले ३.१२. उत्तर ४२.८६, बरोबर, पण ५५ सेकंद गेले. ३६४ म्हणजे बावन्न आठवड्यांचे दिवस, सात गुणिले बावन्न. आणि १५६ म्हणजे तीन बावन्न. ३/७ समोर उभा होता, ओळख पटली नाही. छेद पाठ आहेत, पण मोठ्या आकड्याच्या वेषात आले की ती त्यांना चुकते. पुढच्या आठवड्यासाठी तिला सात, अकरा आणि तेराचे मोठे पट दिले आहेत: ९१, १४३, १५४, १८२, २३१, ३६४. प्रत्येकाचे अवयव पाहिल्याबरोबर तोंडातून आले पाहिजेत, टक्के मागाहून.